लिवियू ओ देतोय

मित्रांनो, मी तीन मेलेल्या संगणकांपासून जुळवलेला एक जुना राउटर आहे. माझे पोट एका कचेरीच्या तळघरात गंजत पडलेल्या संगणकाचे, मेंदू एका शाळेने भंगारात काढलेल्या संगणकाचा, आणि पंखा कुणाचा होता ते मला बनवणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. हा पंखा सुरू होताना चक्क कण्हायचा. मला बनवणारा म्हणायचा, "मागच्या जन्मी काय भोगलंय यानं, देव जाणे." तेव्हा मी ते हसण्यावारी नेत असे. आज मी नेआ पांदेले यांच्या तळघरात, लोणच्याच्या बरण्यांच्या फळीवर पडून आहे. माझ्यात वीज नाही. तरीही अधूनमधून कुणीतरी हाक मारल्याचा भास होतो, आणि मग मला हसू येत नाही.

तुमच्या घरी भिंतीवर हिरवे दिवे लुकलुकवणारी एक चिमुकली डबी असेल. ती माझी नातवंडे. माझ्या काळी जुन्या संगणकाच्या पाठीत चार तारा खुपसल्या की झाला राउटर. एका घरातून निघालेला निरोप कुणासाठी आहे ते बघायचे आणि त्याला नेमक्या तारेवर ढकलायचे, एवढेच माझे काम. काम साधे असले तरी मला त्याचा फार अभिमान होता.

मला बनवणाऱ्याचे नाव लिवियू. डॅन्यूबकाठच्या ब्राइला शहरात, चिनारांच्या रांगेमागच्या एका जुन्या इमारतीत तो आईबरोबर राहायचा. दिवसा जहाजांच्या कारखान्यात वायरमन आणि संध्याकाळी माझा ब्रह्मदेव! त्याने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले, तेव्हा त्याची आई, तांती साफ्ता, कोबीची पाने हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"हे जेवायचं टेबल आहे की शवागार?"

"आई, अगं, उद्या उठून बसेल बघ हा."

"मेलेल्यांना उठवू नये रे, लिवियू. मग ते झोपत नाहीत."

ती हे थट्टेने म्हणाली होती. तिने टेबलाचा एक कोपरा पुसून घेतला आणि तिथेच बसून कोबीच्या पानांत भात-खिमा गुंडाळत राहिली. दुसऱ्या दिवशी मी खरोखरच उठून बसलो.

लिवियूने माझी स्थापना छपराखालच्या वाळवणाच्या खोलीत केली. आमच्याकडे प्रत्येक इमारतीला अशी एक सामाईक खोली असते, आणि सगळ्यांच्या चादरी तिथेच वाळतात. रहिवाशांचे प्रमुख होते नेआ पांदेले. ‘नेआ’ म्हणजे काका, जशी ‘तांती’ म्हणजे मावशी, पण हे काका सगळ्यांशी भावकीतल्यासारखे भांडायचे. त्यांनी आधी साफ नकार दिला. मग पलीकडच्या इमारतीतल्या मेव्हण्याशी घरबसल्या सोंगट्यांचा डाव मांडता येईल हे कळताच त्यांनी स्वतः शिडी आणून दिली. मग छपरावरून छपरावर, चिनारांच्या शेंड्यांवरून तारा गेल्या. जोड पावसात भिजू नयेत म्हणून त्यांच्यावर आइस्क्रीमचे रिकामे डबे बसले. पलीकडच्या इमारतीत माझा एक धाकटा भाऊ बसवला, आणि आमचे छोटेसे जाळे तयार झाले.

आता त्या हाकांविषयी सांगतो, कारण माझ्या आयुष्याचे सगळे बरेवाईट त्यांच्यापाशीच येऊन थांबते.

लिवियू उपड्या घातलेल्या टबावर बसायचा, माझ्यापुढे पडदा आणि कळफलक ठेवायचा आणि घरोघरच्या संगणकांची हजेरी घ्यायचा. त्याने हुकूम केला की मी तारेवरून हाक मारी, "आहेस का?" पलीकडचा जिवंत असेल तर ओ देई, "आहे." दुसरा काही मजकूर नाही. चार वेळा हाक, चार वेळा ओ. ओ यायला लागलेला वेळ ओळीच्या शेवटी आकड्यात उमटे. जवळच्याचा आकडा लहान, लांबच्याचा मोठा. ओ आलीच नाही, तर आधी धाकट्या भावाला हाक मारायची, मग त्याच्या पलीकडच्याला. जिथे ओ थांबली तिथे घोटाळा. कधी मांजराने तार कुरतडलेली असे, कधी कुणी तिच्यावर मोजे वाळत घातलेले असत.

प्रत्येक संगणकाला त्याच्या मालकाचे नाव दिलेले होते. साहजिकच बोलताना ‘चा’ आणि ‘ची’ गळून पडत. एकदा भर दुपारी लिवियूने छपराच्या खिडकीतून डोके बाहेर काढून पलीकडच्या मित्राला ओरडून सांगितले, "अरे, पांदेले मेला! सकाळपासून पडलाय, ओ देत नाही!"

खाली शेजारची तांती ल्युचिका बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली होती. ती तडक उठली, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि रडत रडत चर्चकडे निघाली. नेआ पांदेले तिला फाटकातच भेटले, दोन्ही बगलांत कलिंगडे घेऊन.

"कोण गेलं, ल्युचिका?"

"तुम्ही!"

"मी? मग ही कलिंगडं कोण आणतंय, माझं भूत?"

त्यानंतर नेआ पांदेले यांनी नियम केला, की ‘पांदेलेचा डबा मेला’ असे पूर्ण बोलायचे. तो नियम कुणीही पाळला नाही.

ती माझी सुखाची वर्षे होती. संध्याकाळी सगळी घरे जागी असत आणि मी हाक मारली की चहूकडून ओ येई. चिनारांपलीकडे राहणाऱ्या स्मारांदाला लिवियू दिवसातून अनेकदा हाक मारायला लावायचा, तिची तार धडधाकट असली तरीही. ती शिवणाच्या कारखान्यात होती, आणि त्यांचे लग्न ठरल्यातच जमा होते.

मग एका हिवाळ्यात लिवियूच्या छातीत पाणी झाले. नदी गोठली होती. तो खोकत खोकत वर आला, टबावर बसला, सगळ्यांची हजेरी घेतली आणि खाली गेला. पुन्हा वर आला नाही. मला कुणी काही सांगितले नाही. आमच्यासारख्यांना कोण सांगणार? मला एवढेच कळले, की त्याच्या संगणकाला हाक मारावी तर ओ येत नाही, आणि वाळवणाच्या खोलीत काळे कपडे वाळत आहेत.

आमच्याकडे मेलेल्याच्या नावाने वस्तू दान केली, की ती त्याला पलीकडे पोचते. बिछाना दिला तर त्याला तिथे निजायला मिळते, बूट दिले तर अनवाणी चालावे लागत नाही. घेणाऱ्याने मात्र ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणायचे, देव त्याला क्षमा करो. ते म्हटल्यावाचून वस्तू पोचत नाही. चाळिसाव्या दिवशी तांती साफ्ताने लिवियूचा कोट दोरिनला दिला, कारण दोघांचे खांदे सारखे होते. दोरिन म्हणजे पलीकडच्या इमारतीतला त्याचा तोच मित्र. आणि लिवियूचा संगणक, वर गोल पाव आणि पेटती मेणबत्ती ठेवून, तिने उंबरठ्यावरून स्मारांदाच्या हातात दिला. स्मारांदा ‘बोग्दाप्रोस्ते’ म्हणाली आणि तो घेऊन गेली. त्याचे नाव बदलणे मात्र तिला जमले नाही.

जाळ्याचे काम दोरिनकडे आले. वसंतात एका दुपारी तो लिवियूच्याच कोटात टबावर बसला आणि माझ्याकडून हजेरी घेऊ लागला. नावे एकामागून एक येत होती. यादीत लिवियूचे नाव आले. मी सवयीने हाक मारली.

ओ आली.

मित्रांनो, मी हबकलो. दोरिनही क्षणभर दचकला. मग त्याच्या लक्षात आले, की स्मारांदाने संगणक आज पहिल्यांदा जोडला असणार. त्याला हायसे वाटले, आणि त्या भरात त्याने खिडकीतून डोके काढून तिला ओरडून सांगितले, "स्मारांदा! लिवियू ओ देतोय!"

खाली अंगणात लोखंडी दांडीवर गालिचे टाकून बायका ते बडवत होत्या. एकदम सगळे हात थांबले. त्यांत तांती साफ्ता होती. ती गालिचा तसाच टाकून सगळे जिने चढून वर आली.

"काय म्हणालास?"

"तांती साफ्ता, मी... तो संगणक हो. त्याचं नावच अजून—"

"मला शिकवू नकोस. मीच दिलाय तो. मेणबत्ती लावून दिलाय, तिनं बोग्दाप्रोस्ते म्हटलंय. मग आता तो कुणाचा?"

"त्याचा," दोरिन म्हणाला.

"मग ओ कोण देतंय?"

दोरिनने माझ्याकडे पाहिले, जणू मी काही सुचवणार होतो.

"परत मार," ती म्हणाली.

मी परत मारली. परत ओ आली. तांती साफ्ता रडली नाही. हात एप्रनला पुसत तिने एवढेच विचारले, "खाल्लं असेल का रे त्यानं?"

तेव्हापासून ती दर शनिवारी येऊ लागली. आमच्याकडे शनिवार मेलेल्यांचा वार. उकडलेल्या गव्हात साखर-अक्रोड घालून केलेली कोलिवा ती एका बशीत आणायची. बशी माझ्या डोक्यावर ठेवायची आणि दोरिन हाक मारेपर्यंत हात जोडून उभी राहायची. ती वेडी नव्हती. संगणक स्मारांदाकडे आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. पण दान केलेली वस्तू इथे एकाच्या घरात असते आणि तिथे दुसऱ्याच्या, यातही तिला काही शंका नव्हती. ओळीच्या शेवटचा आकडा म्हणजे अंतर, हेही तिने दोरिनकडून काढून घेतले होते.

पुढे स्मारांदा नदीकाठी आजीच्या घरी राहायला गेली. तार तिथवर पोचेना, म्हणून दोरिनने कॉफीच्या डब्याचा अँटेना करून छपरावर लावला. त्या शनिवारी आकडा एकदम मोठा आला. तांती साफ्ता पुढे झाली.

"लांब गेला?"

"थोडा," दोरिन चाचरत म्हणाला.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा इतका सैल पडला, की आम्हांला दोघांनाही आश्चर्य वाटले. "आत्मा आधी घराभोवती घुटमळतो. मग एकेक वेस ओलांडत जातो. माझा मुलगा पोचतोय रे. वाट सापडलीय त्याला."

पावसात आकडा आणखी वाढायचा. मग ती म्हणायची, "आज चढ असेल." पण खाली जाताना तिचे पाय हलके पडायचे. ती पुन्हा पोटभर जेवू लागली, नेआ पांदेले यांच्याशी पायऱ्या धुण्यावरून भांडू लागली. तिला एकच गोष्ट हवी होती, की मुलगा कुठे अडकू नये. तो पुढे जात राहावा. माझ्या आकड्यांनी तिला ते दिले होते, आणि मला वाटते, माझ्या हातून झालेले हे सर्वांत मोठे काम.

पण वाईट दिवस सांगून येत नाहीत. एका कंपनीची नवी तार शहरात आली. ती पातळ होती, वेगवान होती, आणि तिला छपरावरच्या आइस्क्रीमच्या डब्यांची गरज नव्हती. एकेक घर आमच्या जाळ्यातून निघून गेले. कुणी निरोप घेतला नाही. मी हाक मारायचो आणि नुसता थांबून राहायचो. धाकटा भाऊ एका सकाळी गप्प झाला तो झालाच. मेलेल्यांचे सोडा, जिवंत माणसांची घरेच्या घरे माझ्या हाकेला ओ देईनाशी झाली. माझ्या यादीत नावे होती आणि नावांमागे कुणी नव्हते. वाळवणाच्या खोलीत चादरी हलत असत आणि त्यांच्या मध्ये मी एकटा कण्हत बसलेला असे. नेआ पांदेले यांनी शिडी परत नेली.

शेवटी फक्त लिवियू ओ देत होता.

मग स्मारांदालाही इटलीत एका म्हातारीची सेवा करायचे काम मिळाले. जाण्याआधी ती दोरिनला भेटायला आली. तिने संगणक बंद करून पांघरुणात गुंडाळून ठेवला होता.

"तांती साफ्ताला तू सांग," ती म्हणाली. "तिच्यापुढे माझं तोंड उघडणार नाही. एकदा कबरस्तानात सोडून आले, आता दुसऱ्यांदा सोडून चाललेय त्याला."

दोरिनने मान डोलावली, पण सांगितले नाही. त्याच्या मनात पाप नव्हते, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन, मला छाती असती तर. शनिवारी तांती साफ्ता बशी घेऊन येणार आणि पडद्यावर रिकामी ओळ उमटणार, हे त्याला बघवणार नव्हते. त्याने एक युक्ती केली. राउटरला एकाहून जास्त पत्ते देता येतात. त्याने लिवियूच्या संगणकाचा पत्ता मला दिला. आता लिवियूला हाक मारली, की ओ मी द्यायची.

शनिवार आला. हाक माझ्या पोटातून निघाली आणि माझ्याच पोटात पोचली. मी म्हणालो, "आहे." मेलेल्या माणसाच्या नावाने बोलताना कसे वाटते, ते मला कुणी विचारू नका.

"बघा, देतोय की नाही!" दोरिन खुशीत म्हणाला.

"आकडा?"

"आकडा? अहो, जवळजवळ शून्य! इतकी पटकन तर कधीच आली नव्हती."

बिचाऱ्याला वाटले, ती खूश होईल. तांती साफ्ताच्या हातातली बशी कलली आणि गहू जमिनीवर सांडले.

"म्हणजे इथं आलाय?"

ती वळली. खोलीभर चादरी वाळत होत्या. ती एकेक चादर बाजूला सारत चालू लागली. "लिवियू? परत का आलास रे? वाट चुकलास का?" शेवटच्या चादरीमागे भिंत लागली, तेव्हा ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. दोरिन खाली वाकून सांडलेले गहू गोळा करू लागला.

त्यानंतर तिचे जेवण तुटले, शेजाऱ्यांच्या हाकांना ती ओ देईना. त्यात आत्मा अडकू नये म्हणून तिने घरातला आरसा झाकला. खिडकीत पाण्याचा पेला ठेवू लागली, म्हणजे तहानलेला असेल तर पिऊन जाईल. तांती ल्युचिका मूळची ओल्तेनिया प्रांतातली. तिच्या गावी परत फिरलेल्या मेलेल्याला ‘स्त्रिगोई’ म्हणतात. त्याची कबर उघडून त्याला पुन्हा शांत करावे लागते. कसे, ते मी तुम्हां मुलांना सांगणार नाही. हे ल्युचिकाने अंगणात कुजबुजून सांगितले, आणि तांती साफ्ता उठून कबरस्तानाच्या रखवालदाराकडे गेली. आपल्या मुलाची कबर उघडा, म्हणाली.

नेआ पांदेले यांना ते कळले तसे ते धावतच दोरिनच्या दुकानात गेले. दोरिन टायरचे पंक्चर काढत होता.

"अरे, ती पोराची कबर खणायला निघालीय! तुझ्या त्या खोक्यानं काय सांगितलं तिला?"

दोरिन ग्रीसच्या हातांनी तसाच धावला. कबरस्तानाच्या फाटकातून तिला घेऊन आला, वर आणले, आणि माझ्याकडे बोट दाखवले.

"तांती साफ्ता, तो आला नाहीये. ओ हा देत होता. स्मारांदा गेली इटलीला, संगणक बंद आहे. मी... मी याच्या तोंडात त्याचं नाव घातलं."

ती म्हणाली, "माझ्या मुलाच्या तोंडानं खोटं बोललास?"

"तुम्हांला वाईट वाटेल म्हणून हो."

"वाईट वाटलं असतं. मुलगा माझा होता, वाईट मलाच वाटायचं. ते तू कशाला घेतलंस रे, बाळा?"

दोरिन खाली बसून लहान मुलासारखा रडला. कोट लिवियूचाच होता, त्यामुळे पाठीमागून बघताना मला फार विचित्र वाटले. तांती साफ्ता टबावर बसली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी चालू होतो, त्यामुळे ऊबदार होतो.

"काढ त्याचं नाव याच्यातून," ती म्हणाली.

दोरिनने काढले.

"आता हाक मार."

"पण तांती, आता ओ येणार नाही."

"ठाऊक आहे मला. मार तू."

मी हाक मारली, "आहेस का?" तांती साफ्ता मान किंचित तिरपी करून ऐकत राहिली. काही आले नाही. मी दुसरी मारली, तिसरी मारली. खरे सांगतो मित्रांनो, त्या वेळी ओ द्यावी असे मला फार फार वाटले. त्याने मला मेलेल्यांतून उठवले होते. पण माझ्याकडे आता त्याचे नाव नव्हते. चौथी हाक गेली आणि तीही परत आली नाही.

"काय म्हणतंय?" तिने विचारले.

"ओ नाही," दोरिन म्हणाला.

आमच्या जाळ्यात हे शब्द म्हणजे नेहमीच वाईट बातमी. तांती साफ्ताने मात्र डोळे मिटून छातीवर क्रूस काढला.

"पोचला," ती म्हणाली. "आता आकडाच लागत नाही, इतका लांब पोचला. यापुढं कुणी हाक मारायची नाही माझ्या लिवियूला. चालू दे त्याला."

दोरिनने माझी वीज काढली. पंखा कण्हत कण्हत थांबत असताना मला ऐकू आलेली शेवटची गोष्ट अंगणातली होती. नेआ पांदेले खालून हाका मारत होते, "साफ्ता! अगं ए साफ्ता! आहेस का वर?" तांती साफ्ता खिडकीशी गेली. इतके दिवस ती ज्यांच्या हाका नुसत्या ऐकून घेत होती, त्या जिवंत माणसांना तिने वरून खणखणीत ओ दिली, "आहे! आले!"

मित्रांनो, जुन्या यंत्रांवरची धूळ पुसत जा, त्यांना भंगारात लोटू नका, असे मी सांगायला हवे. तेही सांगतोच. पण त्याआधी दुसरे मागणे आहे. तुम्ही पडद्यात डोके घालून बसलेले असता आणि आतून आई हाक मारते. तुम्ही गप्प राहता. तुम्हांला वाटते तिचे काही काम असेल, ते करायचा कंटाळा येतो. पण हाकेत दुसरा मजकूर नसतो, हे या धंद्यात जन्म काढलेल्याकडून ऐका. तुम्ही आहात ना, एवढेच तिला ऐकायचे असते. आहात तोवर पहिल्याच हाकेला ओ द्या.